एड्सगर डाइक्स्ट्रा

एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा (११ मे, १९३०:रॉटरडॅम, नेदरलँड्स - ६ ऑगस्ट, २००२:न्यूनेन, नेदरलँड्स) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. लघुतम मार्ग शोधण्याची त्यांची रीत जगभर शिकवली जाते. एकाच यंत्रावर एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांनी स्मृती, मुद्रक, टेपयंत्र यांसारखी मर्यादित साधने एकमेकींना अडवून न धरता कशी वापरावीत, या प्रश्नाचा पायाभूत अभ्यासही त्यांनीच केला. सेमाफोर, परस्पर वर्जन, कोंडी टाळण्याची सावकाराची रीत आणि स्वयंस्थिर प्रणाली या संकल्पना त्यांच्या नावाशी जोडल्या गेल्या आहेत. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

समांतर चालणाऱ्या आज्ञावलीत घडणारी चूक वेळेवर अवलंबून असते. ती शंभरदा घडत नाही आणि एकशेएकाव्या वेळी घडते. त्यामुळे अशी चूक चाचण्या घेऊन शोधण्यापेक्षा ती घडूच शकणार नाही अशी रचना मुळातच करावी, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

बालपण व शिक्षण

डाइक्स्ट्रा यांचा जन्म रॉटरडॅम येथे झाला. चार भावंडांत ते तिसरे होते. त्यांचे वडील डाउवे वीबे डाइक्स्ट्रा हे रसायनशास्त्राचे शिक्षक होते व पुढे डच रसायनशास्त्र संस्थेचे अध्यक्ष झाले. आई ब्रेख्त्ये कोर्नेलिया क्लाइव्हर या गणितज्ञ होत्या, मात्र त्यांनी कधी नोकरी केली नाही. गणितातील नेटक्या व आटोपशीर युक्तिवादाची आवड डाइक्स्ट्रा यांना आईकडून मिळाली.

रॉटरडॅममधील जिम्नेशियम इरास्मियानम या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा त्यांचा प्रारंभीचा विचार होता. परंतु गणित व विज्ञानातील उत्तम गुणांमुळे त्यांनी लायडन विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्राला प्रवेश घेतला आणि पुढे सैद्धान्तिक भौतिकशास्त्र हा विषय निवडला. १९५१ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे भरलेल्या प्रोग्रामिंगच्या अभ्यासवर्गास ते उपस्थित राहिले. या अभ्यासवर्गाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

प्रोग्रामर म्हणून सुरुवात

मार्च १९५२ मध्ये ॲमस्टरडॅम येथील गणित केंद्रात, म्हणजेच मॅथेमॅटिश सेंट्रममध्ये, डाइक्स्ट्रा अर्धवेळ प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. संगणक विभागाचे प्रमुख आद्रियान व्हान वाइनखार्डन यांनी त्यांची निवड केली होती. या कामाला त्या काळी व्यवसाय म्हणून मान्यता नव्हती. १९५७ साली मारिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना त्यांनी नोंदणी अर्जात प्रोग्रामर असा व्यवसाय लिहिला. नोंदणी अधिकाऱ्यांनी तो मान्य केला नाही व त्यांना सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

१९५६ साली केंद्राच्या आर्माक या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकासाठी सामान्य प्रेक्षकांना कळेल असा एखादा प्रश्न हवा होता. नेदरलँड्समधील दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याचा प्रश्न डाइक्स्ट्रा यांनी निवडला. ॲमस्टरडॅममधील एका कॅफेत वाग्दत्त वधूसोबत कॉफी घेत असताना, कागद-पेन्सिल न घेता, सुमारे वीस मिनिटांत त्यांनी त्याची रीत रचली. प्रात्यक्षिकासाठी ६४ शहरांचा नकाशा वापरण्यात आला. ही रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली व आज ती डाइक्स्ट्रा अल्गोरिदम या नावाने ओळखली जाते.

व्यत्यय व पुन्हा न घडणारी चूक

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गणित केंद्रातून पुढे आलेल्या इलेक्ट्रोलॉजिका या कंपनीसाठी एक्स-१ या संगणकाची रचना चालू होती. ब्राम लूपस्ट्रा व कारेल स्खोल्टन हे यंत्राचे आराखडे करीत आणि डाइक्स्ट्रा त्यासाठी मूलभूत आज्ञावली लिहीत. तोवरच्या यंत्रांत मुद्रकाचे काम पूर्ण होईपर्यंत गणन करणारा भाग थांबून राही. यावर उपाय म्हणून व्यत्ययाची सोय सुचवण्यात आली. मुद्रक मोकळा झाला की तो गणनाला मध्येच थांबवून तसा संकेत देणार होता. त्यामुळे दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकणार होती.

या सोयीचा लाभ उघड होता, तरीही डाइक्स्ट्रा यांनी निर्णय काही महिने लांबवला. व्यत्यय नेमक्या कोणत्या क्षणी येईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे तीच आज्ञावली त्याच माहितीवर दोनदा चालवली, तरी घटनांचा क्रम दोन्ही वेळा सारखा असेल याची खात्री देता येत नाही. एखादी चूक झाल्यास ती पुन्हा घडवून पाहणे, तिचे कारण शोधणे आणि ती दुरुस्त झाली आहे हे पडताळणे, ही नेहमीची पद्धत येथे लागू पडणार नव्हती.

अखेर त्यांनी हे काम स्वीकारले. चालू गणनाची संपूर्ण अवस्था व्यत्ययाच्या वेळी जतन होते व नंतर जशीच्या तशी पूर्ववत होते, हे युक्तिवादाने सिद्ध करता येईल अशा पद्धतीने त्यांनी आज्ञावली लिहिली. याच विषयावरील प्रबंधासाठी १९५९ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढील चार दशकांच्या त्यांच्या कामाची बीजे या अनुभवात आढळतात.

अल्गॉल ६० चा कंपायलर

डाइक्स्ट्रा व याप झोन्नेव्हेल्ड यांनी एक्स-१ साठी अल्गॉल ६० या भाषेचा कंपायलर लिहिला. तो ऑगस्ट १९६० मध्ये पूर्ण झाला. अल्गॉल ६० चा हा जगातील पहिला कार्यक्षम कंपायलर मानला जातो. काम पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही, असे दोघांनी ठरवले होते. झोन्नेव्हेल्ड यांनी काम संपल्यावर दाढी काढली, तर डाइक्स्ट्रा यांनी ती कायम ठेवली.

यंत्राची स्मृती अवघी काही हजार शब्दांची होती. अशा यंत्रावर स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या कार्यपद्धती चालवणे हा अवघड प्रश्न होता. प्रत्येक कार्यपद्धतीला लागणारी जागा ती सुरू होताना चळतीवर घ्यायची व ती संपताच परत करायची, ही पद्धत डाइक्स्ट्रा यांनी पद्धतशीरपणे मांडली. स्मृती कोणाला, केव्हा व किती काळासाठी द्यायची याचा हिशेब आधीच निश्चित करण्याची त्यांची वृत्ती येथेही दिसते.

आइंडहोव्हन येथील कार्य

१९६२ साली डाइक्स्ट्रा आइंडहोव्हन येथील तांत्रिक महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. संगणकशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून तेथे तेव्हा अस्तित्वात नव्हता. येथील वास्तव्यात त्यांनी समांतर प्रक्रियांचा अभ्यास सुरू केला. १९६५ साली लिहिलेल्या सहकारी अनुक्रमी प्रक्रिया या विषयावरील टिपणात त्यांचे बहुतेक विचार एकत्र आले आहेत.

दोन प्रक्रिया एकाच वेळी एकच माहिती बदलू लागल्या, तर त्या माहितीचा मेळ बिघडतो. म्हणून अशा नाजूक भागात एका वेळी एकाच प्रक्रियेला प्रवेश असावा लागतो. यालाच परस्पर वर्जन म्हणतात. दोन प्रक्रियांसाठीचा उपाय डच गणितज्ञ डेकर यांनी शोधला होता. कितीही प्रक्रियांना लागू पडणारा उपाय डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला. प्रक्रियांच्या परस्पर गतीविषयी काहीही गृहीत न धरणे, ही त्यांनी घातलेली अट महत्त्वाची होती. यंत्र वेगवान असो वा मंद, उपाय तसाच टिकला पाहिजे, असा तिचा अर्थ होता.

सेमाफोर

सेमाफोर हा शब्द रेल्वेच्या हात-सिग्नलवरून घेतलेला आहे. संगणकातील सेमाफोर म्हणजे एक पूर्णांक असून त्यावर केवळ दोन क्रिया करता येतात. डच शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना पी व व्ही अशी नावे देण्यात आली. पी या क्रियेने संख्या एकाने कमी होते. संख्या आधीच शून्य असेल, तर प्रक्रियेला थांबून राहावे लागते. व्ही या क्रियेने संख्या एकाने वाढते व थांबलेल्या एखाद्या प्रक्रियेला वाट मिळते.

सेमाफोरची आरंभीची किंमत १ ठेवल्यास परस्पर वर्जन साधते. ती ४ ठेवल्यास एका वेळी जास्तीत जास्त चार प्रक्रियांना प्रवेश मिळतो. मर्यादित साधनांच्या वाटपाचा प्रश्न अशा रीतीने परवान्यांच्या मोजणीवर आला. थांबलेल्या प्रक्रियेला पुन्हा पुन्हा विचारणा करीत यंत्राचा वेळ खर्च करावा लागत नाही, हा याचा आणखी एक लाभ होता.

कोंडी व सावकाराची रीत

परवाने मोजल्याने सर्व अडचणी दूर होत नाहीत. एका प्रक्रियेने पहिले साधन धरून ठेवले व ती दुसऱ्याची वाट पाहत राहिली, तर दुसरीने दुसरे साधन धरून ठेवले व ती पहिल्याची वाट पाहत राहिली, अशी स्थिती उद्भवू शकते. मग दोघीही कायमच्या अडकतात. या स्थितीला कोंडी म्हणतात. डाइक्स्ट्रा यांनी ती प्रथम विद्यार्थ्यांच्या परीक्षेत टेपयंत्रांसाठी स्पर्धा करणाऱ्या पाच संगणकांच्या रूपात विचारली होती. टोनी होअर यांनी तिला एका मेजाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप दिले आणि त्या रूपात ती पाठ्यपुस्तकांत रुळली.

कोंडी टाळण्यासाठी डाइक्स्ट्रा यांनी सावकाराचे उदाहरण घेतले. प्रत्येक ऋणको आपल्याला जास्तीत जास्त किती रक्कम लागेल हे आधी सांगतो, गरजेप्रमाणे ती टप्प्याटप्प्याने उचलतो आणि काम संपल्यावर सर्व रक्कम परत करतो. मागणी पूर्ण केल्यानंतरही सर्व ऋणकोंची कामे कोणत्या ना कोणत्या क्रमाने पुरी होऊ शकतील, एवढी खात्री असेल तरच सावकार पैसे देतो. इंग्रजी ग्रंथांत ही रीत बँकरच्या नावाने प्रसिद्ध आहे.

समजा, यंत्राकडे स्मृतीचे १० भाग आहेत. पहिल्या प्रक्रियेची कमाल गरज ८ व दुसरीची ६ आहे. पहिलीने ४ व दुसरीने ३ भाग घेतले असून ३ शिल्लक आहेत. ही स्थिती सुरक्षित आहे, कारण उरलेले ३ भाग दुसरीला दिले तर ती पूर्ण होऊन ६ भाग परत करील व त्यांतून पहिलीची गरज भागेल. आता पहिलीने आणखी १ भाग मागितला. तो शिल्लक आहे, पण दिल्यास २ च भाग उरतील आणि दोघींनाही अजून ३-३ भाग लागतील. म्हणून साधन हाताशी असूनही ते देण्यास नकार द्यायचा, हे या रीतीचे वैशिष्ट्य आहे.

टीएचई प्रणाली

हे सर्व विचार इलेक्ट्रोलॉजिका एक्स-८ या संगणकासाठी तयार केलेल्या टीएचई या बहुकार्य प्रणालीत प्रत्यक्षात आले. महाविद्यालयाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून प्रणालीला हे नाव मिळाले. यंत्राची मुख्य स्मृती ३२ हजार शब्दांची होती व तिला ५१२ हजार शब्दांच्या चुंबकीय ढोलाची जोड होती. एवढ्या तुटपुंज्या जागेत अनेक विद्यार्थ्यांच्या व संशोधकांच्या आज्ञावली एकाच वेळी चालवायच्या होत्या. ब्रॉन, हाबरमान, हेंड्रिक्स, लिख्टमान्स व व्होरहूव्हे हे डाइक्स्ट्रा यांचे सहकारी होते.

प्रणालीची रचना थरांची होती. सर्वांत खालचा थर प्रक्रियांना पाळीपाळीने प्रक्रियक मिळवून देई. त्यावरचा थर मुख्य स्मृती व ढोल यांच्यात माहितीची पाने हलवी. त्यावर चालकाशी संवाद साधणारा थर, त्यानंतर यंत्रसामग्रीच्या आवक-जावकीचा थर आणि त्यावर वापरकर्त्यांच्या आज्ञावली होत्या. कोणत्याही थराला फक्त आपल्या खालच्या थरांवर अवलंबून राहता येई. त्यामुळे प्रत्येक थराची बरोबरी स्वतंत्रपणे तपासता येत असे. चाचणीच्या काळात केवळ किरकोळ लेखनचुका आढळल्या. त्यांचे प्रमाण ५०० आज्ञांमागे सुमारे एक इतके होते व प्रत्येक चूक काही मिनिटांत सापडली.

ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतील गॅटलिनबर्ग येथे भरलेल्या परिसंवादात ही रचना मांडण्यात आली व मे १९६८ मध्ये कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच अंकात पीटर डेनिंग यांचा कार्यसंच या संकल्पनेवरील लेख होता. प्रक्रियेला सतत लागणारी पाने मुख्य स्मृतीत मावत नसतील, तर ती प्रक्रिया चालवूच नये, असे त्याचे सार आहे. अन्यथा यंत्राचा बहुतेक वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो. अपुऱ्या स्मृतीच्या प्रश्नाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी एकमेकींना पूरक ठरल्या.

प्रणाली यशस्वी झाली, पण विभागाला या विषयात रस नव्हता व गट विखुरला गेला. या काळात डाइक्स्ट्रा यांना नैराश्याने ग्रासले व त्यांना रुग्णालयात राहावे लागले. त्यातून सावरताना त्यांनी संरचित प्रोग्रामिंगविषयीची आपली टिपणे लिहिली.

संरचित प्रोग्रामिंग

मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात डाइक्स्ट्रा यांनी आज्ञावलीतील गो टू या आज्ञेच्या मुक्त वापरावर टीका केली. पत्राचे गाजलेले शीर्षक संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिले होते. १९७२ साली ओल-योहान डाल व टोनी होअर यांच्यासह त्यांचा संरचित प्रोग्रामिंग हा ग्रंथ प्रकाशित झाला. आज्ञावली व तिच्या बरोबरीची सिद्धता या दोन्ही गोष्टी हातात हात घालून विकसित व्हाव्यात, असे मत त्यांनी मांडले. चाचणीने चुकांचे अस्तित्व दाखवता येते, त्यांचा अभाव सिद्ध करता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन पुढे सर्वत्र स्वीकारले गेले.

बरोज कंपनीतील काळ व स्वयंस्थिर प्रणाली

१९७३ साली डाइक्स्ट्रा बरोज या अमेरिकी संगणक कंपनीचे संशोधन अधिछात्र झाले. ते न्यूनेन येथील आपल्या घरातून काम करीत आणि आठवड्यातून एक दिवस महाविद्यालयात जात. तेथील मंगळवारच्या दुपारच्या बैठकीत सहकाऱ्यांसह नव्या शोधनिबंधांची बारकाईने चिकित्सा होत असे.

१९७४ साली त्यांनी स्वयंस्थिर प्रणालींवरील लेख प्रसिद्ध केला. तोवरच्या कामात चूक घडू न देण्यावर भर होता. या लेखात वेगळा प्रश्न होता. काही बिघाडामुळे प्रणाली कोणत्याही विस्कळीत अवस्थेत गेली, तरी बाहेरच्या मदतीवाचून ती मर्यादित पावलांत योग्य अवस्थेत परत येऊ शकेल काय? वर्तुळात जोडलेल्या यंत्रांचे उदाहरण घेऊन त्यांनी हे शक्य असल्याचे दाखवले. लेखाकडे सुमारे दशकभर फारसे लक्ष गेले नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात त्याचे महत्त्व विशद केल्यानंतर या विषयाची स्वतंत्र शाखा उभी राहिली.

१९७८ साली लॅम्पोर्ट, मार्टिन, स्खोल्टन व स्टेफेन्स यांच्यासह त्यांनी स्मृतीच्या समांतर सफाईची रीत प्रसिद्ध केली. आज्ञावली चालू असतानाच दुसरी प्रक्रिया तिने टाकून दिलेली जागा गोळा करते, अशी ही रीत आहे. दोन्ही प्रक्रियांची पावले कोणत्याही क्रमाने मिसळली तरी वापरातील जागा चुकून मोकळी होणार नाही, याची सिद्धता त्यांनी दिली.

ऑस्टिन येथील अध्यापन

१९८४ साली डाइक्स्ट्रा अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले व १९९९ साली निवृत्त झाले. विद्यार्थ्यांनी आपले युक्तिवाद फळ्यावर स्पष्टपणे मांडावेत, यावर त्यांचा भर असे.

सॉफ्टवेअर बांधणीतील प्रभाव

मोठ्या सॉफ्टवेअरची बांधणी, म्हणजेच बिल्ड, हे समांतर प्रक्रियांचे आजचे परिचित उदाहरण आहे. शेकडो किंवा हजारो मूळ फायलींचे भाषांतर करून त्या एकत्र जोडायच्या असतात. वेळ वाचवण्यासाठी मेक, निन्जा यांसारखी साधने अनेक कामे एकाच वेळी सुरू करतात. प्रक्रियकात जितके गाभे तितकी कामे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु गाभे पुरेसे असले तरी स्मृती पुरेशी असेलच असे नाही. कमी स्मृतीच्या यंत्रावर काही मोठ्या फायलींचे भाषांतर किंवा जोडणी एकाच वेळी आली, तर स्मृती संपते. यंत्र प्रथम पानांची ने-आण करीत मंदावते. त्यानंतर लिनक्ससारख्या प्रणालीचा गाभा जास्त स्मृती व्यापणाऱ्या एखाद्या प्रक्रियेला सक्तीने संपवतो. बहुधा ती कंपायलरचीच प्रक्रिया असते. वापरकर्त्याला मात्र बांधणी अयशस्वी झाल्याचा संदेश दिसतो व दोष फायलीत असावा असे वाटते.

अशा अपयशात डाइक्स्ट्रा यांना एक्स-१ च्या वेळी जाणवलेला धोका पुन्हा दिसतो. तीच बांधणी पुन्हा चालवली तर मोठी कामे वेगवेगळ्या क्षणी येतात आणि ती यशस्वीही होते. कोणत्या फायलीला आधी कोणती फाईल लागते याची नोंद अपुरी असल्यास हेच घडते. दोन कामांचा क्रम जुळला तर बांधणी पूर्ण होते, न जुळल्यास कोसळते. पुन्हा चालवून पाहणे हा दोन्ही प्रसंगी उपाय ठरत नाही, कारण त्याने मूळ कारण तसेच राहते. सर्व कामे एकामागून एक चालवून पाहिल्यास दोन कारणांत भेद करण्यास मदत होते. फायलीतच दोष असेल तर तो तेव्हाही दिसतो. स्मृतीच्या तुटवड्याची नोंद मात्र प्रणालीच्या गाभ्याच्या दैनंदिनीत सापडते.

ग्नू मेक या साधनातील कामवाटपाची यंत्रणा सेमाफोरच्या तत्त्वावर चालते. आरंभी ठरावीक संख्येचे परवाने एका नळीत ठेवले जातात. नवे काम सुरू करण्यापूर्वी परवाना उचलावा लागतो व काम संपताच तो परत ठेवावा लागतो. एक मेक दुसऱ्या मेकला बोलावते, तेव्हाही सर्वांत मिळून परवाने तेवढेच राहतात. एखादे काम अयशस्वी झाले तर ग्नू मेक नेहमीच्या पद्धतीत नवी कामे सुरू करीत नाही, मात्र चालू असलेली कामे पूर्ण होईपर्यंत थांबते. निन्जामध्ये विशिष्ट प्रकारच्या कामांसाठी वेगळी मर्यादा घालता येते. जोडणीला स्मृती जास्त लागत असल्याने भाषांतराची आठ कामे चालू ठेवूनही जोडणीचे एकच काम चालू द्यावे, असे ठरवता येते.

सावकाराची रीत मात्र येथे जशीच्या तशी वापरता येत नाही. तिच्यासाठी प्रत्येक कामाची कमाल गरज आधी माहीत असावी लागते आणि एखाद्या फाईलच्या भाषांतराला किती स्मृती लागेल हे बांधणीच्या साधनाला सहसा ठाऊक नसते. परवाना केवळ कामांची संख्या मोजतो, स्मृती मोजत नाही. म्हणून प्रत्यक्षात सर्वांत मोठ्या कामाची गरज अंदाजाने धरून कामांची संख्या कमी ठेवली जाते. काम सुरू झाल्यावर त्याला संपवण्यापेक्षा ते सुरू करण्यापूर्वीच थांबवावे, हे सावकाराच्या रीतीमागील तत्त्व या व्यवहारातही कायम राहते.

टीका

डाइक्स्ट्रा यांच्या मतांवर अनेकदा टीका झाली. डोनाल्ड कनुथ यांनी १९७४ साली गो टू आज्ञेचा विवेकी वापर काही ठिकाणी योग्य असल्याचे दाखवले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डीमिलो, लिप्टन व पर्लिस यांनी मोठ्या आज्ञावलींच्या बरोबरीची औपचारिक सिद्धता व्यवहार्य नसल्याचे मत मांडले, त्यास डाइक्स्ट्रा यांनी तीव्र विरोध केला. त्यांची भाषा धारदार असे व ती अनेकांना दुखावत असे. सामान्य वापराच्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमही कोंडी टाळण्यासाठी सावकाराची रीत वापरीत नाहीत. हिशेबाचा खर्च व गरजांची अपुरी माहिती ही त्याची कारणे सांगितली जातात.

लेखन व व्यक्तिमत्त्व

डाइक्स्ट्रा आपले बहुतेक लेखन फाउंटन पेनने करीत. टिपणांच्या छायाप्रती ते सहकाऱ्यांना पाठवीत व त्या पुढे हातोहात जगभर पोहोचत. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही टिपणे ईडब्ल्यूडी म्हणून ओळखली जातात व त्यांची संख्या १,३०० हून अधिक आहे. संगणकशास्त्रात एवढे काम करूनही त्यांनी दीर्घकाळ स्वतःचा संगणक बाळगला नाही. प्रवासासाठी त्यांच्याकडे फोक्सवॅगनची निवासी मोटार होती व ट्युरिंग यंत्रावर कोटी करून तिचे नाव टूरिंग मशीन असे ठेवले होते.

पुरस्कार व सन्मान

१९७१ साली ते नेदरलँड्सच्या शाही विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार, १९७४ साली हॅरी गूड स्मृती पुरस्कार आणि १९८९ साली संगणकशास्त्राच्या शिक्षणातील योगदानासाठी एसीएमच्या शिक्षणविषयक गटाचा पुरस्कार मिळाला. २००२ साली वितरित संगणनावरील प्रभावी शोधनिबंधाचा पुरस्कार त्यांच्या स्वयंस्थिर प्रणालींवरील लेखाला देण्यात आला. पुढील वर्षापासून या पुरस्कारालाच डाइक्स्ट्रा पुरस्कार असे नाव देण्यात आले.

मृत्यू

कर्करोगाशी झुंज देत असताना डाइक्स्ट्रा ऑस्टिनहून न्यूनेन येथील आपल्या घरी परतले. ६ ऑगस्ट, २००२ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या हस्तलिखित टिपणांचा संग्रह टेक्सास विद्यापीठाने जतन केला असून तो अभ्यासकांसाठी खुला आहे.